मॅच एअर रायफलला पेलेट कसं निवडावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेलेट म्हणजे एअर रायफलमधून सुटणारी छोटी गोळी, बहुधा शिशाची. हे प्रश्न नेमबाजांनी, त्यांच्या पालकांनी आणि काही प्रशिक्षकांनी पाठवलेले आहेत. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्याऐवजी सगळं एका ठिकाणी आणलं आहे. वेगळा उल्लेख नसेल तिथे १० मीटर अंतर, ४.५ मिमी म्हणजे .१७७ कॅलिबर आणि कॉम्प्रेस्ड एअरची मॅच रायफल धरावी. स्प्रिंगच्या रायफलवाल्यांनी आधी प्रश्न १७ वाचावा, कारण इथल्या काही गोष्टी त्यांना उलट्या लागू होतात.

१. सगळ्यात चांगलं पेलेट कोणतं? एकच नाव सांगा.

एक नाव सांगता येत नाही. पेलेट आणि बॅरल (नळी) यांची जोडी चांगली किंवा वाईट असते. एकाच कारखान्यातून, एकाच आठवड्यात निघालेल्या दोन बॅरल्सच्या आतल्या मापात मिलिमीटरच्या शतांशाचा फरक राहू शकतो. अनेक मॅच बॅरल्सना तोंडाशी किंचित आवळ दिलेली असते, तीही अगदी सारखी नसते. त्यामुळे मित्राच्या रायफलमधून सुंदर जाणारा लॉट (उत्पादनाची एक खेप, प्रश्न ५) तुमच्याकडे साधारण ठरला, तर त्यात नवल काही नाही.

सुरुवात कुठून करायची एवढं सांगता येतं. आरडब्ल्यूएसचं आर १०, एच अँड एनचं फिनाले मॅच आणि जेएसबीचं मॅच पेलेट, या तिघांपैकी जे नियमित मिळतं ते आधी घ्या. ‘नियमित मिळतं’ हा निकष लोक विसरतात. वर्षातून एकदाच हाती लागणारं पेलेट कितीही छान ग्रुप (कागदावर पडलेल्या शॉट्सचा पुंजका) देवो, उपयोग नाही.

२. रायफलचं आणि पिस्तुलाचं पेलेट वेगळं का असतं? अदलाबदल चालते का?

फरक मुख्यतः वजनाचा. रायफलचं मॅच पेलेट बहुधा ०.५३ ग्रॅमचं, म्हणजे ८.१८ ग्रेनचं असतं. पिस्तुलाचं साधारण ०.४५ ते ०.४९ ग्रॅमचं असतं. कॅलिबर एकच, त्यामुळे बॅरलमध्ये दोन्ही बसतात. एखाद्या रायफलला हलकं पेलेटच जास्त आवडतं, असंही होतं. टेस्टमध्ये एक हलकी डबी ठेवायला हरकत नाही. मात्र हलकं पेलेट वेगाने निघतं आणि मार वेगळ्या जागी लागतो, तेव्हा साइट (नेम धरायचं साधन) पुन्हा लावावी लागेल.

३. डबीवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात. माझ्या रायफलला कोणतं लागू पडेल?

हा पेलेटच्या डोक्याचा व्यास. बाजारात साधारण ४.४८ ते ४.५२ मिमीपर्यंतची मापं दिसतात. बॅरलच्या खाचा डोक्याच्या कडेवर पकड घेतात. मागचा पातळ स्कर्ट हवेच्या दाबाने फुगून बॅरलला चिकटतो आणि हवा अडवतो. म्हणून डोक्याचं माप महत्त्वाचं आहे.

पण या आकड्यावर फार विसंबू नका. एका कंपनीचं ४.५० आणि दुसरीचं ४.५० सारखं असेलच असं नाही. घरच्या डिजिटल व्हर्नियरने मोजून पाहणारे बरेच आहेत. त्या व्हर्नियरची स्वतःची चूकच ०.०२ मिमीच्या आसपास असते आणि शिसं इतकं मऊ, की जबड्यात धरताच दबतं. म्हणजे ज्या फरकासाठी मोजायचं तो मापण्याच्या चुकीतच बुडून जातो. एकाच कंपनीची लागोपाठची दोन किंवा तीन मापं घ्या आणि कागदावर मारून बघा. बॅरल पुढे काय म्हणतं ते खरं.

४. मॅच पेलेटचं डोकं चपटं का असतं?

कागदाला गोल, स्वच्छ भोक पडावं आणि गुण नेमके मोजता यावेत म्हणून. १० मीटरवर हा आकार उत्तम चालतो. पुढे मात्र त्याचा वेग लवकर मरतो, आणि २५ मीटरच्या पलीकडे ग्रुप पसरू लागतो. लांबच्या अंतरावर, उदाहरणार्थ फील्ड टार्गेटमध्ये, गोल डोक्याचं पेलेट वापरतात.

५. लॉट नंबर म्हणजे काय? डबीवर नाव तेच असेल तर लॉट कशाला बघायचा?

पेलेट साच्यात दाबून बनतं. साचा झिजतो, बदलला जातो, शिशाच्या तारेची नवी खेप येते. एका सलग उत्पादनाला एक नंबर दिला जातो, तो लॉट. डबीच्या मागच्या किंवा बाजूच्या चिकटपट्टीवर तो छापलेला असतो. त्याच नावाच्या दोन लॉटमधला फरक कधीकधी दोन कंपन्यांमधल्या फरकाहून मोठा निघतो. म्हणून ‘आर १० माझ्या रायफलला चालतं’ हे वाक्य अर्धंच आहे. कोणत्या लॉटचं, हे सोबत हवं.

टेस्ट केलेल्या डबीची चिकटपट्टी काढून वहीत लावा आणि शेजारी ग्रुपचा आकडा लिहा. हे एवढं केलंत तरी पुढच्या वर्षीचा निम्मा गोंधळ वाचेल.

६. मुलीने नुकतीच सुरुवात केली आहे. प्रशिक्षक महागडं पेलेट घ्या म्हणतात. खरंच फरक पडतो का?

याला आकड्यांनीच उत्तर देतो. नेमबाजाच्या हाताचा पसारा आणि पेलेटचा पसारा यांची साधी बेरीज होत नाही. दोघांचे वर्ग घ्यायचे, बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. त्यामुळे जो मोठा असतो तोच बहुतेक सगळं ठरवतो.

साठ शॉट्सच्या मॅचमध्ये पाचशेच्या घरात गुण मिळवणाऱ्या नवख्या नेमबाजाचा दहा शॉट्सचा ग्रुप, मध्यापासून मध्यापर्यंत मोजला तर, ढोबळमानाने २० मिमीचा असतो. पेलेटचा स्वतःचा ग्रुप २.५ मिमी असेल तर एकूण २०.१६ मिमी होतो. त्याहून चांगलं, १.५ मिमीचा ग्रुप देणारं पेलेट घेतलं तर २०.०६ मिमी. फरक एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा. साठ शॉट्सच्या मॅचमध्ये दशांश गुणांकनाने (पूर्ण गुणांऐवजी दशांशात मोजून) हा फरक एका गुणापेक्षाही कमी भरतो.

आता खराब पेलेट घ्या. डबीत खडखडून स्कर्ट चेपलेलं, बिननावाचं, स्वतःच ८ मिमीचा ग्रुप देणारं. एकूण ग्रुप २१.५ मिमीवर जातो आणि मॅचमागे दहा-अकरा गुण जातात. त्याहून वाईट म्हणजे मुलीला नऊ दिसतो आणि तिला वाटतं की ट्रिगर चुकला. चांगल्या शॉटला वाईट निकाल मिळत गेला की शिकणंच बिघडतं.

तेव्हा सुरुवातीला नावाजलेल्या कंपनीचं साधं मॅच पेलेट पुरेसं आहे. सर्वांत वरच्या दर्जाचं घ्यायची गरज नाही. बिननावाचं मात्र घेऊ नका.

६१५ च्या आसपास मारणाऱ्याचं गणित निराळं. त्याच्या हाताचा पसारा ५ मिमी धरला, तर २.५ मिमीच्या पेलेटवरून १.५ मिमीच्या पेलेटवर जाण्याने साठ शॉट्समध्ये सुमारे तीन गुण मिळतात. त्या पातळीवर तीन गुणांत बरीच नावं वर-खाली होतात. त्याने टेस्टवर वेळ घालवावा.

७. किती शॉट्स मारून ठरवायचं? पाचाचा एक ग्रुप पुरतो ना?

नाही पुरत. या एका प्रश्नावर सगळ्यात जास्त पेलेट, वेळ आणि विश्वास वाया जातो.

एखाद्या पेलेटचा पाच शॉट्सचा सरासरी ग्रुप १.६ मिमी आहे असं धरा. तीच रायफल, तीच डबी, तोच क्लॅम्प (रायफल घट्ट धरणारा शिकंजा). तरीही दर तीन ग्रुपपैकी साधारण दोनच १.२ ते २.० मिमीच्या दरम्यान पडतील. उरलेला त्याच्याही बाहेर. म्हणजे निव्वळ योगायोगाने एक ग्रुप दुसऱ्याच्या दुप्पट दिसू शकतो. चार प्रकारची पेलेट घेऊन प्रत्येकी पाच मारले, तर त्यात कोणीतरी ‘जिंकणारच’. तो विजेता खरा की नशिबाचा, हे त्यावरून कळत नाही.

पटत नसेल तर एक प्रयोग करा. एकाच डबीतली पेलेट चार बिननावाच्या झाकणांत वाटा, त्यांना अ, ब, क, ड म्हणा आणि टेस्ट करा. एक झाकण पहिलं येईल, एक शेवटचं. मग मित्रांना निकाल दाखवून कोणतं घ्यावं असं विचारा.

दुसरी गफलत म्हणजे पाचाच्या ग्रुपची दहाच्या ग्रुपशी तुलना. शॉट्स वाढले की ग्रुप मोठाच होतो. दहाचा ग्रुप सरासरीने पाचाच्या ग्रुपपेक्षा सुमारे पाव पट मोठा असतो. पेलेट बिघडलेलं नसतं.

माझा हिशेब असा. पहिल्या फेरीत प्रत्येक लॉटचे किमान ३० शॉट्स. त्यातून दोन निवडले की प्रत्येकी आणखी ५०. ३० शॉट्सवर सरासरी त्रिज्या (प्रश्न ८) साधारण दहा टक्के इकडे-तिकडे एवढ्या खात्रीने कळते. म्हणून दोन लॉटमधला फरक पाव हिश्श्याहून कमी असेल तर मी बरोबरी धरतो.

८. ग्रुप मोजायचा कसा? बाहेरच्या कडा की मध्यबिंदू?

बाहेरच्या दोन टोकांच्या कडांमधलं अंतर मोजणं सोपं असतं. त्यातून ४.५ मिमी वजा केले की मध्यापासून मध्यापर्यंतचा ग्रुप मिळतो. वजाबाकी टाळू नका. बाहेरून ६.५ आणि ५.८ मिमी हे आकडे जवळपास सारखे वाटतात, अकरा टक्क्यांचा फरक. वजाबाकी केली की तेच २.० आणि १.३ होतात, आणि फरक पस्तीस टक्क्यांवर जातो.

त्याहून चांगलं माप म्हणजे सरासरी त्रिज्या. ग्रुपचा मध्य काढायचा, तिथून प्रत्येक शॉटचं अंतर मोजायचं आणि सरासरी घ्यायची. टोकाटोकाच्या मापात फक्त दोन शॉट्स बोलतात, बाकीचे आठ गप्प. सरासरी त्रिज्येत सगळे बोलतात. इलेक्ट्रॉनिक टार्गेट प्रत्येक शॉटचे निर्देशांक देत असेल तर हे काम स्प्रेडशीटमध्ये मिनिटभराचं आहे.

कागदावर टेस्ट करत असाल तर एका वर्तुळावर दहा मारू नका. सगळ्यांचं मिळून एकच फाटकं भोक होतं आणि आतले शॉट्स दिसत नाहीत. एका वर्तुळावर दोन किंवा तीन मारा. साइट आणि क्लॅम्प न हलवता फक्त कागद ठरावीक अंतराने सरकवा, म्हणजे नंतर सगळे ग्रुप एकमेकांवर ठेवता येतात.

९. आमच्याकडे क्लॅम्प नाही. टेकू लावून टेस्ट केली तर चालेल?

चालेल, फक्त शॉट्स जास्त लागतील. टेबलाशी बसा, फोरएंडखाली (दस्त्याच्या पुढच्या भागाखाली) वाळूची पिशवी ठेवा आणि मागे बटखाली (खांद्याकडच्या टोकाखाली) छोटी पिशवी. बॅरल किंवा हवेचा सिलिंडर कशालाही टेकता कामा नये. यात तुमची नेम धरण्यातली चूक मिसळते, पण ती प्रत्येक लॉटमध्ये सारखीच मिसळते. म्हणून तुलना खरी राहते, आकडे मोठे येतात. प्रश्न ६ मधलं वर्गमुळाचं गणित इथेही लागू आहे: टेकूवरचा तुमचा पसारा ५ मिमी असेल तर दीड आणि दोन मिमीच्या पेलेटमधला फरक तुम्हाला दिसणारच नाही. दिसल्यासारखा वाटला तर प्रश्न ७ पुन्हा वाचा.

उभं राहून पेलेट टेस्ट करणाऱ्यांना माझं एकच सांगणं: त्याला सराव म्हणा.

१०. क्लॅम्प आहे. टेस्टचा क्रम कसा ठेवावा?

आधी रायफलच्या स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू मॅन्युअलमध्ये दिलेल्या ताणावर घट्ट आहेत ना ते बघा. क्लॅम्प रिसीव्हरला किंवा स्टॉकला धरतो, बॅरल मोकळं राहतं. लिव्हर उघडताना-मिटताना क्लॅम्प हलतोय का ते पाहा, कारण हाताचा जोर दर वेळी तिथेच लागतो आणि निकालात उभा पसारा म्हणून उतरतो. भरलेली रायफल क्लॅम्पमध्ये असताना कोणीही पुढे जायचं नाही. रायफल जागची हलत नाही म्हणून माणसं निर्धास्त होतात, तेव्हा हे मोठ्याने सांगावं लागतं.

रायफल बराच वेळ पडून असेल तर पहिले काही शॉट्स हिशेबात धरू नका. रेग्युलेटरमधला (शॉटचा हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागातला) दाब थोडा चढून बसलेला असतो आणि पहिला शॉट वेगळ्या वेगाने जातो.

पेलेट बदललं की बॅरलला नव्याची सवय व्हायला २० ते ३० शॉट्स लागतात. प्रत्येक कंपनीचं शिसं, त्यावरचा लेप वेगळा, आणि आधीच्याचा थर आत असतो. हे शॉट्स मोजायचे नाहीत. हे न करता धडाधड डब्या बदलत गेलात, तर दुसरी डबी पहिलीच्या थरावर आणि तिसरी दुसरीच्या थरावर तपासली जाते.

सगळे लॉट एकदा झाले की उलट क्रमाने पुन्हा घ्या: अ, ब, क आणि मग क, ब, अ. दुपारपर्यंत हॉल तापतो, सिलिंडर उतरतो. एका दिशेनेच गेलात तर तो बदल शेवटच्या लॉटच्या नावावर जमा होतो.

११. नऊ शॉट्स एका भोकात आणि एकच बाहेर. तो फ्लायर सोडून द्यायचा ना?

सोडायचा नाही. क्लॅम्पमध्ये ट्रिगर चुकत नाही, श्वास चुकत नाही. मग तो शॉट बाहेर कोणी नेला? पेलेटनेच, किंवा भरताना ते तिरकं गेल्याने. स्कर्ट चेपलेला डोळ्यांनी दिसला असेल आणि शॉट मारण्याआधीच ‘हे खराब आहे’ असं म्हणून बाजूला ठेवलं असेल, तर ठीक. मारून झाल्यावर कारण शोधणं म्हणजे मनासारखा निकाल लावणं.

फ्लायर धोकादायक का, ते बघा. एखाद्या लॉटमध्ये वीसात एक पेलेट भरकटणारं असेल तर दहा शॉट्सच्या टेस्टमध्ये ते एकदाही न दिसण्याची शक्यता ६० टक्के आहे. ३० शॉट्समध्ये हीच शक्यता सुमारे २१ टक्क्यांवर येते. मॅचमध्ये मात्र साठ शॉट्स आहेत, म्हणजे सरासरी तीन वेळा तो फटका बसणार. मला विचाराल तर, थोडा मोठा पण एकसारखा ग्रुप देणारा लॉट मी इवल्याशा ग्रुपबरोबर अधूनमधून एक शॉट बाहेर फेकणाऱ्या लॉटपेक्षा आधी घेईन.

१२. पेलेट वजन करून निवडावीत का?

बहुतेकांनी करू नये. ०.५३ ग्रॅमचा एक टक्का म्हणजे सुमारे ५ मिलिग्रॅम. पेलेटचं वजन एक टक्क्याने वाढलं तर वेग साधारण अर्ध्या टक्क्याने कमी होतो, आणि १० मीटरवर मार ०.१७ मिमी खाली जातो. दशांश गुणांकनात एक दशांश म्हणजे ०.२५ मिमी. चांगल्या मॅच लॉटमध्ये वजनातला फरक मुळातच काही मिलिग्रॅमचा असतो. तास-दीड तास घालवून एका दशांशाच्या आतली कमाई.

करायचंच असेल तर १ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा काटा लागतो. ०.०१ ग्रॅमचा काटा कामाचा नाही, त्याची एक पायरीच जवळपास दोन टक्क्यांची आहे. त्याऐवजी प्रत्येक पेलेट उजेडात धरून स्कर्टची कड बघणं, हे कमी वेळात जास्त फायदा देतं. कडेवर बारीकसा बाक असला तरी ते सरावाच्या डबीत टाका.

काही जण तिरक्या काचेवर पेलेट घरंगळवतात. डोकं आणि स्कर्ट यांच्या व्यासात फरक असल्याने पेलेट वळण घेत जातं आणि वेगळ्या मापाचं पेलेट वेगळ्या जागी पोचतं. वेगळी निघालेली पेलेट बाजूला काढायला ही युक्ती बरी आहे, आणि तिला खर्च नाही.

१३. पेलेट धुऊन तेल लावावं का?

मॅच पेलेटला नको. कारखान्याचा लेप निघून जातो, उघडं शिसं लवकर पांढुरकं पडतं, आणि तेल प्रत्येकावर सारखं बसेल याची खात्री नाही. एका अडचणीच्या बदल्यात दोन घेतल्यासारखं होतं.

१४. गेल्या वर्षी हाच लॉट सुरेख चालत होता. आता ग्रुप फुटतोय. लॉट खराब झाला का?

लॉटवर सगळ्यात शेवटी संशय घ्या. माझा शोधण्याचा क्रम असा: आधी स्टॉकचे स्क्रू, मग साइट घट्ट आहे का. नंतर सिलिंडरचा दाब. दाब रेग्युलेटरच्या पातळीखाली गेला की वेग शॉटागणिक पडतो आणि ग्रुप खाली ओघळतो. किमान दाब किती, ते रायफलच्या मॅन्युअलमध्ये असतं. सिलिंडर बघतच आहात तर त्यावरची मुदतीची तारीखही वाचा. मुदत संपलेला सिलिंडर मॅचला चालत नाही आणि ती जबाबदारी आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत नेमबाजावरच टाकलेली आहे.

मग क्रोनोग्राफ, म्हणजे वेग मोजायचं यंत्र (प्रश्न १६). वेग डळमळत असेल तर रेग्युलेटर किंवा सील, आणि ते काम सर्व्हिसवाल्याचं. वेग स्थिर असेल तर बॅरल साफ करा (प्रश्न १५). एवढं होऊनही सुधारणा नसेल तर डबीकडे या. ती ओलसर जागी होती का? पेलेटवर पांढरी भुकटी दिसते का? डबी बॅगेत उभी-आडवी खडखडत हिंडली का? बहुतेक तक्रारी स्क्रूपाशीच मिटतात.

१५. बॅरल किती वेळा साफ करायचं? साफ केल्यावर ग्रुप बिघडतो असं ऐकलंय.

ऐकलंय ते खरं आहे, पण बिघाड तात्पुरता असतो. साफ बॅरलला पुन्हा शिशाचा पातळ थर लागेपर्यंत मार थोडा हलतो. म्हणून मॅचच्या आदल्या संध्याकाळी साफसफाई नको. किती शॉट्सनी करायची याचा एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही. ग्रुप सांगेल तेव्हा करा, आणि एरवी ठरावीक डब्यांनंतर फेल्ट पेलेट (साफसफाईचा नमद्याचा बोळा) मारण्याची सवय ठेवा. साफ करायचं ते ब्रीचकडून (पेलेट भरायच्या बाजूने) तोंडाकडे. तारेचा ब्रश बॅरलमध्ये घालू नका, तोंडाच्या कडेवर एक ओरखडा आला तर कोणतंही पेलेट ते भरून काढणार नाही.

१६. वेग वाढवून घेतला तर ग्रुप सुधारतो का?

मॅच रायफलचा वेग साधारण सेकंदाला १६५ ते १७५ मीटर ठेवतात. १० मीटर जाताना पेलेट गुरुत्वाकर्षणाने सुमारे १७ मिमी खाली येतं. वेगात सेकंदाला १ मीटरचा फरक पडला तर हा आकडा ०.२ मिमीने बदलतो. तेव्हा वेग किती आहे यापेक्षा तो शॉटागणिक किती सारखा आहे हे महत्त्वाचं. दहा शॉट्समध्ये वेग ३ मीटरच्या आत राहत असेल तर त्या बाजूने काळजी नको. १० मीटरचा फरक दिसत असेल तर २ मिमीचा उभा पसारा फक्त वेगामुळे आहे, आणि तो कोणत्याही लॉटने बरा होणार नाही.

स्वतः स्क्रू फिरवून वेग वाढवू नका. कारखान्याने ठरवलेला वेग सोडला की रायफलसोबत आलेल्या टेस्ट टार्गेटला काही अर्थ उरत नाही. तसंही ते टार्गेट, ‘त्यावर लिहिलेलंच पेलेट का घेऊ नये?’ असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो, बॅरल ठीक असल्याचा पुरावा आहे. त्यावरचं पेलेट टेस्टमध्ये जरूर घ्या, पण तो लॉट आता बाजारात नसणार.

१७. माझी स्प्रिंगची रायफल आहे. यातलं काय लागू होत नाही?

क्लॅम्प. स्प्रिंगच्या रायफलमध्ये पिस्टन पुढे धावतो तशी रायफल मागे सरकते, आणि पिस्टन थांबताना पुढे उसळते. हे सगळं पेलेट बॅरलमध्ये असतानाच होतं. तिला करकचून आवळलं किंवा कडक टेकूवर ठेवलं तर ग्रुप उधळतो. उघड्या तळव्यावर सैल ठेवा, खांद्यालाही हलकंच लावा आणि दर वेळी हात त्याच जागी असू द्या. पकड बदलली की मार बदलतो, आणि दोष पेलेटला जातो. मॅचसाठी बनवलेल्या काही जुन्या स्प्रिंग रायफल्समध्ये धक्का शोषण्याची सोय आहे. त्यांना हा नियम एवढा कडक नाही.

दुसरं म्हणजे फेल्ट पेलेट. ते एकटं मारलं तर पिस्टनला पुढे पुरेसा अडथळा मिळत नाही आणि तो दणकन आपटतो. साफसफाई फेल्ट बॅरलमधून ओढून करा. बॅरलमध्ये किंवा कॉम्प्रेशन चेंबरमध्ये ज्वलनशील तेलही टाकू नका, दाबाने ते पेट घेतं.

आणि पेलेट भरताना, मधून वाकवून उघडायच्या बॅरलमध्ये अंगठ्याने नेहमी सारख्याच खोलीवर बसवा. बोल्टच्या रायफलमध्ये हे काम बोल्ट करतो, इथे तुम्हाला करायचं आहे.

१८. शिशाची भीती वाटते. बिनशिशाचं घ्यावं का?

शिसं हाताला लागून तोंडात जातं, तोच मुख्य मार्ग. पेलेट ओठांत धरायची सवय असेल तर आजच सोडा. नेमबाजी संपली की साबणाने हात धुवा, रेंजवर खाऊ नका, पेलेटचा टॉवेल वेगळा ठेवा. पेलेट ट्रॅपमधली (मारलेली पेलेट अडवणाऱ्या पेटीतली) भुकटी कोरड्या झाडूने उडवू नका. लहान मुलांच्या हाती डबी नको.

बिनशिशाची पेलेट बहुधा कथलाची, म्हणून हलकी आणि कडक असतात. हलकी म्हणजे वेग जास्त, कडक म्हणजे मापाच्या बाबतीत बॅरल जास्त चोखंदळ. काही रायफल्समधून ती बरी जातात. टेस्टची पद्धत तीच, फक्त डोक्याची मापं एकाऐवजी दोन-तीन घेऊन बघा.

१९. लॉट सापडला. किती डब्या घ्यायच्या? सरावाला वेगळं, मॅचला वेगळं चालेल का?

डबीत बहुधा ५०० पेलेट असतात. मॅच, सरावातले शॉट्स आणि साइट लावण्याचे शॉट्स मिळून हंगामाला किती लागतात तो हिशेब करा. त्यातल्या मॅचपुरत्या आणि मॅचआधीच्या काही आठवड्यांपुरत्या डब्या त्या लॉटच्या घ्या, थोड्या जास्तच. उरलेल्या सरावाला त्याच कंपनीचं, त्याच वजनाचं साधं पेलेट पुरतं. मॅचच्या दिवशी डबी बदलू नका. साइट हलते आणि प्रश्न १० मधला सवयीचा मुद्दा साइटर शॉट्समध्ये (मॅचआधीच्या, गुण न धरलेल्या) अंगावर येतो.

डब्या कोरड्या जागी, आडव्या, मूळ स्पंजसकट ठेवा.

२०. दोन लॉट अगदी बरोबरीत आले. आता?

ज्याच्या जास्त डब्या मिळतात तो घ्या. दोन्ही सारखेच मिळत असतील तर स्वस्त तो. तिथेही बरोबरी असेल तर कोणताही. आणखी टेस्ट करून बरोबरी मोडायला शेकड्याने शॉट्स लागतील आणि तेवढी पेलेट त्याच डब्यांतून जातील.

२१. पुन्हा टेस्ट कधी करायची?

लॉट संपत आला, बॅरल बदललं किंवा सर्व्हिसमध्ये वेग बदलला तर. जुन्या लॉटचं एक भरलेलं झाकण तुलनेसाठी राखून ठेवा. नव्या लॉटची तुलना वहीतल्या आकड्याशी करण्यापेक्षा त्याच दिवशी, त्याच क्लॅम्पवर मारलेल्या जुन्या पेलेटशी करा. एखादा शॉट बिघडला म्हणून, किंवा शेजारच्या लेनवरच्याने नवी डबी दाखवली म्हणून टेस्ट लावायची गरज नाही.